मदत हवी आहे: दिवसा झोप किती येते ते मोजणाऱ्या एपवर्थ फॉर्मवर ह्यांचे गुण ६, मी भरला तर १५. खरं कुठलं धरायचं?

नमस्कार. तासगावजवळच्या एका गावातून लिहितेय. ह्यांचं वय ४७, स्वतःचा टेम्पो आहे. सीझनला द्राक्षं घेऊन रात्री वाशी मार्केटला जातात, एरवी बेदाणा नाहीतर मिळेल ते भाडं. घोरणं लग्नापासूनचंच, पण गेली तीन-चार वर्षं झोपेत मधेच श्वास अडकायचा आणि घुसमटून उठायचे. दिवाळीनंतर स्लीप स्टडी केली. एएचआय ३८ आला, म्हणजे झोपेत तासाला ३८ वेळा श्वास थांबतो किंवा अर्धवट होतो. ३० च्या वर गंभीर धरतात. सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं, लगेच घेतलं.

आता मशीनवर एएचआय ४ दिसतो. ते चांगलंच झालं. माझी काळजी दिवसाच्या झोपेची आहे.

गेल्या आठवड्यात तपासणीला गेलो तेव्हा एपवर्थ स्केलचा फॉर्म दिला. आठ प्रसंग असतात, प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ मध्ये लिहायची, एकूण २४. दहाच्या वर गेलं तर झोप जास्त आहे असं समजतात. ह्यांनी बाकावर बसून दोन मिनिटांत भरला. ६ आले. झोप नॉर्मल आहे, गाडी चालवा, असं सांगून आम्हाला पाठवलं.

त्याच्या आधी पंधराच दिवस मी टेम्पोत शेजारी होते. पुण्याला नणंदेकडे निघालो होतो. आनेवाडी टोलनाक्याला रांगेत गाडी थांबली आणि ह्यांची मान छातीवर आली. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा डोळे उघडले. मी विचारलं, तर म्हणाले, "झोपलो नव्हतो, डोळ्यांवर जरा झापड आली." पुढचा खंबाटकी घाट संपेपर्यंत मी एकसारखी बोलत राहिले.

घरी आल्यावर तोच फॉर्म मी ह्यांच्या वतीने भरला. १५ आले.

फरक कुठे पडला ते बघितलं. 'बसून वाचताना' याला ह्यांनी ० दिलंय, कारण हे वाचतच नाहीत. टीव्हीला ०, कारण बघायला वेळ नाही. फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलंय की हल्ली ती गोष्ट केली नसेल तरी केली तर काय होईल याचा अंदाज करून लिहा. ते आम्हाला कुणी वाचून दाखवलं नाही. रहदारीत गाडी थांबल्यावर काय होतं असाही एक प्रश्न आहे, तिथेही ०. आनेवाडीचं ह्यांना झोप वाटलीच नाही. आणि खरं सांगते, मनात भीती आहे. झोप येते असं लिहिलं तर गाडी बंद करायला सांगतील. हप्ते चालू आहेत. मी ह्यांना दोष देत नाही, पण ज्याचं पोट गाडीवर आहे त्यालाच विचारून हा आकडा कसा काढायचा?

विचारायचंय ते असं: फॉर्मशिवाय दिवसाची झोप मोजायची तपासणी असते का? आणि मी भरलेला फॉर्म डॉक्टर मानतील का?

प्रतिसाद १
ताई, मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तुमचा फॉर्म जरूर घेऊन जा. शेजारी झोपणाऱ्या माणसाने भरलेला फॉर्म आम्ही मागून घेतो. पेशंट स्वतःला कमी गुण देतो हे नेहमीचं आहे. एपवर्थ १९९१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी केली. चाळणी म्हणून चांगली आहे, पण एएचआय आणि एपवर्थ यांचा मेळ फारसा बसत नाही. एएचआय ४० असून ताजेतवाने असलेले पेशंट पाहिलेत, आणि १२ असून खुर्चीत पेंगणारेही.

तपासण्या दोन. एमएसएलटीमध्ये दिवसभरात दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत पडून झोपायला सांगतात, चार-पाच वेळा. सरासरी आठ मिनिटांत किंवा त्याआधी झोप लागली तर ती जास्त मानतात. एमडब्ल्यूटी याच्या उलट: मंद उजेडात बसून जागं राहायचं, ४० मिनिटं, चार वेळा, मेंदूच्या लहरी तारांनी नोंदवतात. ड्रायव्हरसाठी ही जवळची, कारण गाडीत प्रश्न जागं राहण्याचाच असतो. तरी त्यात पास झाले म्हणून रस्त्यावर झोप लागणार नाही, अशी हमी कुणी देत नाही.

प्रतिसाद २
मी कराडचा, सहा वर्षं सीपॅप वापरतोय. वहिनी, मशीन रोज किती तास लागतं ते बघितलं का? एएचआय ४ हा मशीन चालू असतानाचा आकडा आहे. बाकीची झोप विनामशीनची, ती त्यात येतच नाही. माझे पहिले दोन महिने तीन तासांवर जात नव्हते आणि दिवसा डोळे मिटायचेच. मास्क बदलला, साडेपाच-सहा तास लागायला लागलं, तेव्हा फरक कळला.

मूळ लेखिका
दादा, आत्ताच मशीनमध्ये बघितलं. सरासरी ३ तास ३० मिनिटं. वाशीला जातात त्या रात्री मशीन घरीच राहतं आणि सकाळी मार्केटात सीटवर झोपतात, ते विनामशीनचं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

प्रतिसाद १
मग एमडब्ल्यूटीच्या आधी हे दुरुस्त करा, ताई. झोपच अपुरी असेल तर तपासणीत तेच दिसेल. दोन आठवडे वहीत लिहा: कधी झोपले, कधी उठले, मशीन किती तास, दिवसा डुलकी कुठे लागली. वही, मशीनचं कार्ड, दोन्ही फॉर्म, आणि टोलनाक्याचं जे इथे लिहिलंत ते डॉक्टरांना तसंच्या तसं सांगा. तोवर रात्रीची गाडी नको.

मूळ लेखिका
रात्री ह्यांना हे सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग फॉर्म परत मागितला आणि माझ्यासमोर बसून भरला. १३ आले. टोलनाक्याच्या प्रश्नाला स्वतःहून २ लिहिलं, मी १ दिलं होतं. पुढच्या दोन खेपा दीर नेणार आहेत. मशीन टेम्पोच्या बॅटरीवर चालवायला काय लागतं, कुणी वापरत असेल तर सांगा.