मिठाशिवायचा भात

'नियमांचा अतिरेक हा परूश्यांचा रोग, चर्चने तो केव्हाच मागे टाकला' असं एक विधान वाचलं, ते काही पटलं नाही. (परूशी म्हणजे येशूच्या काळातले नियमांना घट्ट धरून बसणारे ज्यू.) फार लांब जायला नको, गोव्यातच बघा. तिथल्या इन्क्विझिशनने, म्हणजे ख्रिस्ती लोकांची श्रद्धा तपासणाऱ्या चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ साली एक हुकूमनामा काढला. ख्रिस्ती घरांत काय काय बंद? भात मिठाशिवाय शिजवायचा नाही, कारण हिंदू तसा शिजवतात. दारात तुळस नको. पुरुषाने धोतर नेसायचं नाही, बाईने चोळी घालायची नाही. लग्नात विडे-फुलं वाटायची नाहीत. म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाची श्रद्धा तपासायची ती भाताच्या टोपात! (चिमूटभर मिठाने कोणाचं तारण झालं, देव जाणे.)

आणि जात? ती मात्र धर्मांतरानंतरही शाबूत. बामण, चारडो, सुदिर हे भेद चर्चच्या दारातून आत आले आणि आतच राहिले. कित्येक गावांत कॉनफ्रारिया (चर्चमधली बंधुमंडळं) जातवार होत्या, फेस्ताचा (चर्चच्या सणाचा) मान कोणाचा यावरून तंटे झाले. इन्क्विझिशन १८१२ साली कायमचं बंद पडलं, हे तंटे त्यानंतरही चालूच होते.

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २३व्या अध्यायात येशू पुदिना, शेप, जिरं यांचाही दशांश (देवाला द्यायचा दहावा हिस्सा) मोजून देणाऱ्या परूश्यांना झापतो, ते न्याय, दया आणि विश्वास सोडला म्हणून. दशांश देऊच नका, असं तो म्हणत नाही. तेव्हा 'सगळे नियम मोडीत काढा' म्हणणाऱ्यांनीही तो अध्याय जरा नीट वाचावा.