जनरल सुदिरमन: आजारी माणसाने युद्ध खरंच लढवलं का नुसतंच नाव?

जावावाला: मंडळी, कामानिमित्त सध्या जकार्तात आहे. इथला मेन रोड जनरल सुदिरमनच्या नावाचा, तिथे ओव्हरकोट घालून सॅल्यूट मारणारा त्याचा हडकुळा पुतळा. ऑफिसातले सांगतात डचांशी लढला, एक फुफ्फुस निकामी, लोक उचलून डोंगरातून न्यायचे. मग लढवलं काय त्याने? आणि बॅडमिंटनचा सुदिरमन कप याचाच ना?

पत्ते_पिसतो: नाही रे, कप डिक सुदिरमनच्या नावाचा, तो बॅडमिंटन संघटनेवाला. हा जनरल मूळचा शाळामास्तर. जपान्यांनी उभ्या केलेल्या पेटा सैन्यात बटालियन कमांडर होता, लष्करी शिक्षण काय ते तेवढंच. १९४५ मध्ये इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, त्याच नोव्हेंबरमध्ये नव्या सैन्याचा सेनापती निवडायला चक्क मतदान झालं आणि डचांच्या फौजेत मुरलेला उरिप राहिला बाजूला, २९ वर्षांचा मास्तर आला निवडून! उरिपचा मोठेपणा असा की तो त्याच्याच हाताखाली चीफ ऑफ स्टाफ म्हणून राहिला.

सह्याद्रीकर: मुद्दा १९ डिसेंबर १९४८ चा आहे. डचांनी रिपब्लिकच्या, म्हणजे स्वतंत्र इंडोनेशियाच्या, तेव्हाच्या राजधानीवर, योग्याकार्तावर हल्ला केला, अध्यक्ष सुकार्नो म्हणाले तू शहरातच थांब, उपचार घे, हा टीबीचा पेशंट, महिन्याभरापूर्वी ऑपरेशन झालेलं, तरी ऐकलं नाही आणि निघाला. सुकार्नो आणि उपाध्यक्ष हट्टा पकडले गेले. डच जगाला सांगत होते ही फक्त पोलीस कारवाई, पण सेनापतीच मोकळा फिरतोय म्हटल्यावर रिपब्लिक संपलं असं कोणत्या तोंडाने म्हणणार? पाचितानजवळच्या सोबो गावात बसून निरोप्यांकरवी हुकूम सोडायचा. बंदूक चालवायची गरजच नव्हती त्याला.

शंकासुर: एवढंही चढवू नका राव. १ मार्च १९४९ ला योग्याकार्ता सहा तास ताब्यात घेतलं ते सुहार्तोच्या (पुढे अध्यक्ष झालेला तोच) तुकड्यांनी, कल्पना योग्याकार्ताच्या सुलतानाची की सुहार्तोची यावर तिकडे अजून भांडतात. शिवाय युनोचा दबाव होता, अमेरिका डचांवर चिडलेली, नेहरूंनी जानेवारीत दिल्लीत परिषद भरवलेली.

सह्याद्रीकर: मान्य, पण मैदानात कोणी उरलंच नसतं तर दबाव कोणासाठी आणला असता? आणि वाटाघाटींवर त्याचा स्वतःचा काडीचा विश्वास नव्हता, शेवटी वाटाघाटींनीच काम झालं हा भाग वेगळा. २७ डिसेंबर १९४९ ला डचांनी सत्ता सोडली, पुढच्याच महिन्यात हा गेला, ३४ व्या वर्षी.

जावावाला: बापरे. योग्याला जायचंय, काही बघण्यासारखं?

पत्ते_पिसतो: बिंतारानला त्याचं घर म्युझियम केलंय, ते आधी बघ. सेमाकीच्या स्मशानभूमीत कबर आहे, शेजारीच उरिपची.