२५ डिसेंबर सूर्याकडून पळवला, हे कशावरून?

ओसरीवरचा

डिसेंबर उजाडला की एक ढकलपत्र घरोघरी फिरतं. येशूचा जन्म २५ डिसेंबरला झालाच नाही, ती मुळात रोमन सूर्यदेवाची तारीख, चर्चने ढापली, विषय संपला. यातलं पहिलं वाक्य मान्य. शुभवर्तमानांत जन्माचा दिवस नाही, महिना नाही, वर्षही सरळ दिलेलं नाही. पण 'ढापली' हे ज्या खात्रीने ठोकून दिलं जातं, तेवढा पुरावा त्याच्याही पाठीशी नाही, हे म्हणायला हा धागा.

सगळी भिस्त आहे इ.स. ३५४ च्या एका रोमन पंचांगावर. फिलोकॅलस नावाच्या सुलेखनकाराने ते एका श्रीमंत ख्रिस्ती माणसासाठी तयार केलं. त्यात २५ डिसेंबरसमोर नोंद आहे ती एवढीच: 'अजिंक्याचा जन्म, ३० शर्यती'. अजिंक्य म्हणजे सूर्यदेव असं धरतात, शर्यती म्हणजे रथांच्या. आणि त्याच संग्रहातल्या हुतात्म्यांच्या यादीत त्याच दिवसासमोर लिहिलंय की ख्रिस्त यहूदीयातल्या बेथलेहेमात जन्मला. ही यादी ३३६ च्या सुमाराची मानतात. म्हणजे दोन्ही नोंदी एकाच बाडात हाताशी येतात, आणि ख्रिस्ती नोंद थोडी जुनीच निघते. मग कोणी कोणाचं उचललं? ऑरेलियन बादशहाने २७४ मध्ये सूर्याचं देऊळ बांधलं हे खरं. पण याच पंचांगात सूर्याचा दणदणीत उत्सव ऑक्टोबरात आहे, २२ तारखेला ३६ शर्यती. पळवायचाच होता तर तो पळवायचा!

दुसरी उपपत्ती मला जास्त पटते. लुई दुशेन या फ्रेंच अभ्यासकाने ती १८८९ मध्ये मांडली. पश्चिमेकडच्या ख्रिस्ती लोकांत क्रूसावरच्या मृत्यूची तारीख २५ मार्च मानत. थोर पुरुष ज्या तारखेला गेला त्याच तारखेला त्याची गर्भधारणा, असा एक समज होता. २५ मार्चपासून नऊ महिने मोजा, २५ डिसेंबर येतो. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टिनने गर्भधारणा आणि मृत्यू यांचा दिवस एकच असल्याचं लिहून ठेवलंय.

वर्षाबद्दल मात्र वादच नको. इ.स. ५२५ मध्ये दिओनिसियस या मठवासीयाने ईस्टरचं कोष्टक करताना इसवी सन सुरू केला, कारण ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या डायोक्लेशन या रोमन बादशहाच्या नावाने वर्षं मोजणं त्याला नको होतं. हेतू चांगला, पण यहूदीयाचा हेरोद राजा मेला इ.स.पू. ४ मध्ये, आणि मत्तय व लूक हे शुभवर्तमानकार दोघेही येशूचा जन्म हेरोदाच्या हयातीतच सांगतात. म्हणजे ख्रिस्त जन्मला ख्रिस्तपूर्व काळात.

पिंपळपान

ओसरीवरचा, तुम्ही वकिली चांगली करता, पण सोयीचे साक्षीदार बोलावता.

ऑगस्टिनचं लिखाण पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावरचं. तोवर सण रुजला होता. रुजलेल्या सणाला मागून गणित चिकटवणं हा जगभरच्या धर्मपंडितांचा आवडता उद्योग आहे. २४३ सालची ईस्टरच्या गणिताची एक लॅटिन पोथी आहे. तिने हिशोब करून येशूचा जन्म कुठे नेला? २८ मार्चला! कारण सृष्टीच्या चौथ्या दिवशी सूर्य निर्माण झाला, म्हणून. त्याआधी इ.स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट सांगतो की काही लोक २० मे धरतात, काही एप्रिल. म्हणजे गणित करणारे होते, पण उत्तर प्रत्येकाचं वेगळं. मग सगळ्यांना २५ डिसेंबरच कसा गोड वाटला? कारण रोमन पंचांगात तो उत्तरायणाचा दिवस होता. सूर्य परत फिरतो तो दिवस.

आणि लिओ पोपला विसरलात. पाचव्या शतकाच्या मध्याला नाताळाच्याच प्रवचनात तो वैतागून सांगतो की लोक संत पीटरच्या चर्चच्या पायऱ्या चढतात आणि आत जाण्याआधी मागे वळून उगवत्या सूर्याला वाकतात. ख्रिस्ती लोक, नाताळचा दिवस, आणि नमस्कार सूर्याला. याला काय म्हणायचं?

सरळसोट

सगळं सोडा. रोमनांचा देव मिथ्र, इजिप्तचा होरस, आपला कृष्ण सगळे २५ डिसेंबरलाच जन्मलेत, सगळीकडे कुमारी माता आणि बारा शिष्य. ही एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगितली आहे.

पिंपळपान

सरळसोट, तुम्ही माझ्या बाजूने बोलू नका, माझी बाजू पडेल. कृष्णाचा जन्म श्रावण वद्य अष्टमीचा, हे तुमच्याच घरात दहीहंडी फुटते तेव्हा कळायला हवं. मिथ्र खडकातून बाहेर येताना दाखवतात, तिथे कुमारी माता कुठून आणलीत? होरसचा जन्म २५ डिसेंबरला असल्याचं एकही प्राचीन इजिप्शियन साधन नाही.

मिठागर

मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे गोठा करतात तेव्हा बाळाची मूर्ती मध्यरात्रीपर्यंत आत ठेवत नाहीत. बाळाला भेटायला येणारे तीन राजे गोठ्यापासून लांब, कपाटाच्या टोकाला. रोज कोणीतरी पोर त्यांना वीतभर पुढे सरकवतं, ते पोहोचतात ६ जानेवारीला. गोव्यात त्या दिवशी रेइश मागुश, चांदोर, कासावलीला राजांचं फेस्त असतं. आता हे राजे कपाटावरून नेमके किती वर्षांपूर्वी निघाले हे आम्ही विचारत नाही. जन्म झाला हे महत्त्वाचं, कधी झाला हे चर्चनेही कधी श्रद्धेचा मुद्दा केलेला नाही. मग इतरांना एवढी चिंता का?

ओसरीवरचा

मिठागर, श्रद्धेला हात लावायचा नाहीच. पण 'चर्चला कधी फरक पडला नाही' हे इतकं सोपं नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिजेन वाढदिवस साजरे करण्यावरच नाराज होता. पवित्र शास्त्रात वाढदिवस करतात ते फारो आणि हेरोदासारखे पापी, असं त्याचं म्हणणं. इंग्लंडात प्युरिटनांच्या, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंटांच्या, संसदेने १६४७ मध्ये नाताळ बंद केला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सात १६५९ ते १६८१ नाताळ पाळला तर पाच शिलिंग दंड होता. शास्त्रात तारीख नाही हे त्यांचं एक कारण होतंच.

मिठागर

ते प्युरिटन. आमच्याकडे दंड फक्त मिस्सेला उशिरा आलं तर, तोही आजीकडून.

ध्रुवतारा

दिवसावर भांडताय, पण आकाशाकडे कोणी बघितलंच नाही. मागी लोकांनी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्योतिषांनी, तारा पाहिला असं मत्तय सांगतो. इ.स.पू. ७ मध्ये गुरू आणि शनी मीन राशीत एकाच वर्षात तीनदा जवळ आले. केप्लरने या युतीचं गणित केलं होतं. चिनी नोंदींत इ.स.पू. ५ मध्ये सत्तर दिवस दिसलेला धूमकेतू आहे. दोन्ही हेरोदाच्या मृत्यूच्या आधी चपखल बसतात.

आणि मेंढपाळ रात्री रानात राहून कळप राखत होते असं लूक म्हणतो. बेथलेहेम समुद्रसपाटीपासून जवळपास ७७५ मीटरवर आहे. डिसेंबरात तिथे पाऊस आणि कडाका. त्यामुळे वसंत ऋतू जास्त शक्य.

मोडीवाचक

ध्रुवतारा, 'चपखल बसतात' म्हणताना थांबा. दोन वेगळ्या घटना दोन वेगळ्या वर्षी 'चपखल' बसत असतील तर त्यातली एकही बसत नाही. मत्तयाचा तारा पुढे चालतो आणि घरावर येऊन थांबतो, हे गुरू-शनी करत नाहीत. मेंढपाळांचा मुद्दाही ढिला आहे. यरुशलेमच्या मंदिरात वर्षभर बळी लागायचे, तेव्हा कळप हिवाळ्यातही राखावेच लागत. पौष महिन्यात आपल्याकडचे धनगर मेंढरं घेऊन उघड्यावर मुक्काम करतातच की.

शिवजयंतीचा वाद आठवा. शके १५४९ चा वैशाख की शके १५५१ चा फाल्गुन, यावर किती कागद काळे झाले. पण तिथे भांडायला जेधे शकावली तरी होती, तिथी लिहिलेली. इथे तिथी लिहिणारा कोणीच नाही. आणि गंमत बघा, १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख आहे, ग्रेगोरियन पद्धतीने ती १ मार्च येते. रशियातला नाताळ ७ जानेवारीला येतो तोही याच फरकामुळे. तारीख तीच, पंचांग वेगळं.

टाकसाळ

हेरोदाच्या मृत्यूबद्दल धागाकर्त्यांनी 'वादच नको' म्हटलंय, तिथे मला वाद हवा आहे.

इ.स.पू. ४ हे येतं योसेफस या पहिल्या शतकातल्या यहुदी इतिहासकारावरून. हेरोदाने मंदिराच्या दारावर सोन्याचा गरुड बसवला होता. राजा मरणपंथाला लागल्याची आवई उठली तेव्हा काही तरुणांनी दोरांवरून उतरून भर दुपारी तो कुऱ्हाडींनी फोडला. हेरोदाने त्यांना आणि त्यांच्या गुरूला जिवंत जाळलं, आणि त्या रात्री चंद्रग्रहण झालं. मग राजाचा आजार वाढला, तो गरम पाण्याच्या झऱ्यांवर उपचाराला गेला, परत आला, मुलाला ठार केलं, पाच दिवसांनी मेला, थाटात अंत्ययात्रा निघाली, आणि मग यहुद्यांचा वल्हांडण सण आला. इ.स.पू. ४ चं ग्रहण १३ मार्चचं, तेही खंडग्रास. वल्हांडण एप्रिलच्या मध्याच्या आसपास. एवढं सगळं महिन्याभरात? त्यापेक्षा इ.स.पू. १ चं १० जानेवारीचं खग्रास ग्रहण धरलं तर तीन महिने मिळतात. येशू तिबिर्य या रोमन कैसराच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास साधारण तीस वर्षांचा होता असं लूक सांगतो, तेही मग जुळतं.

ओसरीवरचा

टाकसाळ, नाव टाकसाळ आणि नाणीच विसरलात? हेरोदाचा मुलगा अंतिपास याची ४३ व्या राज्यवर्षाची नाणी सापडली आहेत. त्याला इ.स. ३९ मध्ये हद्दपार केलं. ३९ मधून मागे मोजा, इ.स.पू. ४ येतं. दुसरा मुलगा फिलिप तिबिर्याच्या विसाव्या वर्षी, ३७ वर्षं राज्य करून मेला असं योसेफसच सांगतो. तोही हिशोब तिथेच येतो. बापाला इ.स.पू. १ पर्यंत जगवायचं तर दोन्ही मुलांनी बाप जिवंत असतानाच आपली वर्षं मोजायला घेतली असं म्हणावं लागेल. तसं म्हणणारे आहेत. पण हेरोदासारख्या संशयी बापाच्या डोळ्यांदेखत? ज्याने स्वतःची तीन मुलं मारली त्याच्या?

टाकसाळ

नाण्यांचं मान्य. पण मग क्विरीनियचं काय करता? लूक म्हणतो की येशू जन्मला तेव्हा तो सूरियाचा रोमन सुभेदार होता आणि नावनिशी, म्हणजे लोकांची मोजणी, झाली. ती नावनिशी इ.स. ६ ची. हेरोदाचा मुलगा अर्खेलाव याला पदावरून काढलं, यहूदीया थेट रोमच्या ताब्यात आला, करासाठी मोजणी झाली, गालीलच्या यहूदाने बंड केलं. हेरोदाच्या मृत्यूनंतर नऊ वर्षं!

ओसरीवरचा

तिथे लूकची गल्लत झाली असं मी सरळ म्हणतो. दोन्ही खरं धरायचं तर मरियेला नऊ महिन्यांऐवजी नऊ वर्षं थांबावं लागेल. 'आधीही एक नावनिशी झाली असणार' असं म्हणून लूकला वाचवणारे आहेत, पण तशी नोंद कुठे नाही. मत्तयात हेरोद बेथलेहेमातली दोन वर्षांखालची मुलं मारायला लावतो, त्यावरून इ.स.पू. ६ ते ४ एवढी पट्टी मला पुरे.

पिंपळपान

वर्षाच्या आडोशाला बरे लपलात. लिओ पोपच्या पायऱ्यांवरच्या लोकांचं उत्तर अजून आलेलं नाही.

ओसरीवरचा

देतो. लिओ ३३६ नंतर शतकभराने बोलतोय. लोक सूर्याला वाकत होते यावरून एवढंच कळतं की जुनी सवय सुटत नव्हती. रोज सकाळी सूर्याला हात जोडणारा माणूस नाताळच्या सकाळीही जोडणारच. तारीख तिथून आली हे त्यावरून सिद्ध होत नाही.

पिंपळपान

आणि तिथून आली नाही हेही सिद्ध होत नाही. पूर्वेकडच्या अंत्युखिया शहरात क्रिसोस्टोम हा धर्मोपदेशक ३८६ मध्ये सांगतो की हा सण आमच्याकडे येऊन दहा वर्षंसुद्धा झाली नाहीत. तुमचं २५ मार्चचं गणित इतकं जुनं आणि सर्वमान्य होतं, तर पूर्वेकडच्यांना ते एवढ्या उशिरा का कळलं? आर्मेनियन चर्च तर आजही ६ जानेवारीलाच जन्म साजरा करतं. त्यांना नऊ महिने मोजता येत नव्हते का?

ओसरीवरचा

येत होते. तिकडे काही जण मृत्यूची तारीख ६ एप्रिल धरत. आता तुम्हीच मोजा.