मदत हवी आहे: गांडूळखतावरच्या तुळस-पुदिन्याची वाढ कशी सुधारू?

नमस्कार मंडळी. तुळस, पुदिना, पानओवा, सगळं कुंडीत. माती तीच, ऊन तेच. निम्म्या कुंड्यांना गांडूळखत, निम्म्यांना पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं रासायनिक खत). रासायनिकवाल्या नुसत्या तरारल्यात, पण पान चुरगळलं तर वास अगदीच फिका, शिवाय मातीवर पांढरट क्षारांचा थर. गांडूळखतवाल्या ठेंगण्या, पण वास बोटांवरून जात नाही. नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि सुगंध मागे पडतो, हे ठाऊक आहे, त्यामुळे कल गांडूळखताकडेच आहे.

पण वाढीचं काय? मिश्रणात सध्या पाव भाग गांडूळखत आहे. ते वाढवलं तर ओल धरून मुळं कुजतील का? की व्हर्मीवॉश (गांडूळखताच्या थरातून निथळलेलं पाणी) फवारू, आणि किती पातळ करून? "दोन्ही खतं थोडी थोडी द्या" म्हणणाऱ्यांनी कृपया प्रमाणही सांगा!