मदत हवी आहे: आईच्या मनगटाचं ऑपरेशन करावं का? (तातडीचं)

घाटावरचा: नमस्कार. आईच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन सांगितलंय. नस दबलीये म्हणे. बुधवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. मी पुण्यात, आई-बाबा कराडला. आई ऑपरेशनचं नाव काढू देत नाही आणि बाबांचं एकच, आधी मालिश करून बघू. हात पूर्ण बरा होतो का? खर्च किती? ज्यांनी स्वतः करून घेतलंय त्यांनीच सांगा, प्लीज लवकर.

मोगरा: कुठली नस? कोणती बोटं बधिर आहेत? आईचं वय, साखर, थायरॉइड? एनसीव्ही, म्हणजे नस किती चालते ते बघणारी तपासणी, केलीये का? यातलं काहीच लिहिलं नाहीत तर कोण काय सांगणार?

पाटलीणबाई: मला झालं होतं हे. बाळंतपणानंतर बाळाला उचललं की अंगठ्याच्या बाजूला मनगटात अशी कळ यायची की डोळ्यांत पाणी. पट्टा बांधला, एक इंजेक्शन घेतलं, गेलं. ऑपरेशनची घाई करू नका.

मोगरा: पाटलीणबाई, मुंग्या येत होत्या का? बोटं बधिर व्हायची?

पाटलीणबाई: नाही, नुसती कळ.

मोगरा: मग ते डी क्वेरवेन. त्यात अंगठा हलवणाऱ्या कंडरांना सूज येते. यांचं दुखणं नसेचं दिसतंय.

घाटावरचा: कार्पल टनेल. वय ५८. डायबेटिस आहे, गोळ्या चालू. थायरॉइड नाही. सगळी बोटं बधिर. एनसीव्ही झालीये, रिपोर्ट बाबांकडे आहे. आता सांगा, करू का?

तुळशीवृंदावन: आधी बी-१२ तपासा. डायबेटिसच्या गोळ्यांनी, मेटफॉर्मिनने, ते कमी होतं आणि हातापायांना मुंग्या येतात. माझ्या सासऱ्यांचं तेच निघालं. आणि रात्री कोमट नारायण तेल चोळा. सासूबाईंना तेलानेच फरक पडला.

जुनाजाणता: बी-१२ तपासा, हे बरोबर. पण ते कमी असलं तर मुंग्या बहुतेक पायांपासून सुरू होतात, एकाच हातात येऊन बसत नाहीत. घाटावरचा, 'सगळी बोटं' म्हणजे करंगळीसुद्धा? आत्ता फोन लावा आणि विचारा. कार्पल टनेल म्हणजे मनगटातला एक बोगदा, खाली हाडं आणि वर जाड आडवा पट्टा. त्यातून नऊ कंडरा आणि एक नस, मीडियन, जाते. जागा कमी पडली की नस चेपते. ती अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका सांभाळते. करंगळीची नस या बोगद्यातून जातच नाही. करंगळीही बधिर असेल तर कोपर आणि मानही बघावी लागते.

तुळशीवृंदावन: म्हणजे तेलाने काहीच होत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?

जुनाजाणता: हाताला आराम वाटेल, चोळू द्या. पण पट्टा आत आहे, तेल वर. चेपलेली नस त्याने मोकळी होत नाही.

घाटावरचा: फोन केला. करंगळी ठीक आहे! आईनेच आधी सगळी म्हणून सांगितलं होतं. रात्री दोन-तीनदा उठते, हात झटकते, मग झोपते. हे दीड वर्षापासून आहे आणि मला आज कळतंय. मधले आठ महिने एका डॉक्टरांनी मानेची औषधं दिली होती. आई ब्लाउज शिवते. परवा हूक लावताना सुई बोटात शिरली, ते तिला कळलंच नाही. पांढऱ्या अस्तरावर लाल ठिपका दिसला तेव्हा तिने बोट बघितलं. बाबांनी दोन्ही तळव्यांचा फोटो पाठवलाय. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी खळगा दिसतोय, डाव्याला तिथे मांस भरलेलं आहे. रिपोर्टमध्ये 'सिव्हियर' लिहिलंय.

मोगरा: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. सुरुवातीच्या दिवसांत रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट, कधी एखादं इंजेक्शन, यावर बऱ्याच जणांचं भागतं. (डायबेटिसमध्ये त्या इंजेक्शनने काही दिवस साखर वाढते.) पण अंगठ्याचं मांस झिजायला लागलं की वाट बघू नये. ऑपरेशनने रात्रीच्या मुंग्या बहुतेकांच्या लवकर थांबतात. बधिरपणा जायला महिने लागतात, आणि झिजलेलं मांस पूर्ण भरेलच असं नाही. 'हात पूर्ण बरा होतो का' याचं खरं उत्तर एवढंच आहे. उशीर कराल तेवढं कमी परत मिळेल.

सुई_दोरा: मी दोन्ही हातांचं केलंय, उजवा २०१९, डावा २०२१. मीही शिवणकाम करते, म्हणून लिहिते. फक्त हाताला भूल होती. मी जागी होते, डॉक्टरांशी बोलत होते. वीस मिनिटं लागली असतील. तळहातावर दीड इंचाचा छेद, संध्याकाळी घरी. त्या रात्री वर्षभरात पहिल्यांदा सलग झोपले. बाराव्या दिवशी टाके काढले. त्यानंतर तळव्याच्या बुडाशी, दोन्ही उंचवट्यांवर, टेकवलं की दुखायचं. ते तीन महिने पुरलं. जड पातेलं उचलायला तेवढेच दिवस गेले. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, मला वाटलं ऑपरेशन बिघडलं. आईला आधीच सांगून ठेवा.

निळा_पतंग: दुर्बिणीतून करून घ्या, छेद लहान असतो. माझ्या काकांनी तेच केलं, आठवड्यात कामावर.

जुनाजाणता: थोडं लवकर कामाला लागता येतं, खरंय. पण काही महिन्यांनी दोन्हींचा फरक उरत नाही. ज्या सर्जनचा ज्यात हात बसलाय त्यात करावं. आईचे डॉक्टर उघडी पद्धत करत असतील तर दुर्बिणीसाठी कुठे धावू नका.

निळा_पतंग: काकांचा अनुभव मी खोटा कसा म्हणू?

जुनाजाणता: खोटा म्हणत नाहीये. काका शिवणकाम करत नाहीत.

घाटावरचा: आईची अडचण आता कळली. नर्सने बांगड्या काढायला सांगितल्यात. लग्नापासून हात कधी रिकामा ठेवला नाही, म्हणते. ऑपरेशनपेक्षा तिला याचीच भीती.

सुई_दोरा: माझंही तेच झालं होतं. सूज आली तर बांगडी, अंगठी रुतते, म्हणून काढायलाच लागतात. बांगड्या वाढवू नका. साबणाच्या पाण्यात हात बुडवून एकेक सोडवा आणि डाव्या हातात भरा. डावा भरलेला राहतो ना. माझ्या सासूबाईंनी स्वतः भरल्या होत्या.

पाटलीणबाई: घरी भाकरी कोण थापणार, ते आत्ताच ठरवा. बायका चौथ्या दिवशी परातीत हात घालतात.

तुळशीवृंदावन: दोन महिने चपातीच खायची. पीठ बाबांनी मळावं.

मोगरा: ऑपरेशननंतर हात उशीवर, छातीच्या वर. बोटं मात्र पहिल्या दिवसापासून हलवायची, मूठ उघड-मीट. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा विचारा, फार जास्त असेल तर जखम भरायला त्रास होतो.

जुनाजाणता: खर्च गावागणिक बदलतो, लेखी अंदाज मागा. मेडिक्लेम असेल तर पॉलिसीत 'डे-केअर'मध्ये हे बसतं का ते फोन करून विचारा, कारण रात्रभर दाखल ठेवणार नाहीत.

घाटावरचा: आई तयार झाली. डाव्या हातात बांगड्या भरायचं ऐकून तयार झाली! साखर बघून पुढच्या आठवड्याची तारीख देणार आहेत. सगळ्यांचे आभार. तिचा एक प्रश्न: टाके असताना मशीनचं पायडल मारलं तर चालेल का?

सुई_दोरा: पायडलला काही होत नाही, पण कापड सरकवायला उजवा हात लागतोच. टाके निघेपर्यंत मशीनवर कव्हर घाला आणि सुई काढून बाबांकडे द्या.