टाइमटेबल माझ्याकडे, शेराही माझाच. त्यात आता ‘सहकार्याचे गुण’ येऊ घातलेत. काय करावं?

सातचीबेल विचारतात:

आमचं अनुदानित वरिष्ठ महाविद्यालय आहे, कला-वाणिज्य-विज्ञान. सकाळी ७.३० ते १२.३०, ४८ मिनिटांच्या सहा तासिका, दुपारी प्रॅक्टिकल. या वर्षी वेळापत्रक समिती माझ्याकडे आली. विभागप्रमुख असल्याने वार्षिक मूल्यमापन अहवालावरचा शेराही मीच लिहायचा आहे.

पहिली अडचण: एनईपीनंतर (नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर) ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे शाखेबाहेरचा निवडीचा विषय, कुठे बसवायचं तेच सुचत नाही. दुसरी: पहिला तास कुणालाच नको, आणि ज्यांना तो मिळतो त्यांचा विद्यार्थी फीडबॅक घसरतो. तिसरी जास्त बोचते. मूल्यमापनाच्या तक्त्यात ‘सहकार्य व संघभावना’ असा १० गुणांचा रकाना घालावा असं वरून सुचवलं गेलंय. ज्याला मी सकाळचा तास देणार, त्यालाच नंतर सहकार्याचे गुणही देणार, हे मला पटत नाही. पण नुसतं पटत नाही म्हणून चालणार नाही, आधार हवा.

चौकटआखे यांचं उत्तर:

सर, मेजरपासून (मुख्य विषयापासून) सुरुवात केलीत तर ओपन इलेक्टिव्हला जागाच उरणार नाही. आधी तेच बसवा. ते आपल्या विद्याशाखेबाहेरचं घ्यावं लागतं, म्हणजे बी.ए.ची मुलं विज्ञानाच्या मॅडमकडे आणि बी.एस्सी.ची मुलं अर्थशास्त्राच्या सरांकडे एकाच वेळी बसायला हवीत. तिन्ही शाखांची ती तासिका एकत्र मोकळी ठेवायची, तिथे दुसरं काहीही लावायचं नाही. शनिवारी शेवटची तासिका मात्र टाळा. एसटीने येणारी मुलं तोवर स्टँडवर गेलेली असतात.

इथे एक हिशेब हमखास चुकतो. २ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) थिअरी पेपर म्हणजे सत्रात ३० घड्याळी तास. ४८ मिनिटांच्या तासिकांत ते साडेसदतीस होतात, १५ आठवड्यांत आठवड्याला अडीच. बहुतेक ठिकाणी २ श्रेयांक म्हणून आठवड्याला दोनच तासिका लावतात आणि सत्र संपताना साडेसात तासिका कमी भरतात. मग जादा तासांची पळापळ होते. पहिले ८ आठवडे तीन आणि नंतरचे ७ आठवडे दोन लावा, ३८ होतात, प्रश्न मिटला.

त्यानंतर एईसीच्या (क्षमता-वर्धन अभ्यासक्रमाच्या) भाषा, मग प्रॅक्टिकल. प्रॅक्टिकलचा १ श्रेयांक म्हणजे ३० तास, म्हणजे दर बॅचला आठवड्याला २ तास, तेही सलग. ६० मुलं, २०च्या तीन बॅच आणि प्रयोगशाळा एकच असेल तर एका पेपरला तिचे आठवड्याचे ६ तास जातात. हे आधी मांडलं नाही तर बॅचचा तास ओपन इलेक्टिव्हवर येऊन आदळतो. पुढचा नंबर सीएचबीवाल्यांचा, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचा. ते दुसऱ्या कॉलेजातही शिकवतात, त्यांचे वार लेखी घेऊन ठेवा. मेजर-मायनर (मुख्य व दुय्यम विषय) आणि पूर्णवेळ शिक्षकांची सोय सगळ्यात शेवटी. एरवी नेमकं उलटं होतं. ज्येष्ठांच्या आवडीचे तास आधी पडतात आणि गळफास शेवटी सीएचबीला बसतो.

पहिल्या तासासाठी आधी आकडा काढा. विभागात ३ वर्ग, आठवड्याचे ६ दिवस, म्हणजे १८ पहिले तास. शिक्षक चार असतील तर दोघांना ४, दोघांना ५, पुढच्या सत्रात उलट. नावं घालण्याआधी हा नियम विभागाच्या सभेत मांडा आणि इतिवृत्तात घ्या. आजारपण, तान्हं मूल असा अपवाद जरूर द्या, पण त्यावर तारीख घाला. मुदत नसलेला अपवाद दोन वर्षांत हक्क होऊन बसतो.

टक्कर तीन ठिकाणी तपासायची: शिक्षक, खोली, वर्ग. एक्सेलमध्ये एका तासिकेची एक ओळ करा आणि काउंटइफ या सूत्राने एकच नाव दोनदा आलं की चौकट लाल होईल असं लावा. आद्याक्षरं सगळीकडे एकसारखी हवीत. एका जागी ‘एसआरके’ आणि दुसरीकडे ‘एस आर के’ असेल तर एक्सेलला ती दोन माणसं वाटतात आणि टक्कर दिसत नाही.

रकानेतपासा यांचं उत्तर:

तुम्हाला हवा असलेला आधार यूजीसीच्या २०१८च्या विनियमांतच आहे. वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात दोनच बाबी आहेत. एक, नेमून दिलेल्यांपैकी किती तासिका घेतल्या: ८० टक्के व वर ‘चांगले’, ७० ते ८० च्या आत ‘समाधानकारक’, ७० च्या खाली ‘असमाधानकारक’. दोन, प्रशासकीय जबाबदारी, परीक्षा, विस्तार कार्य, संशोधन वगैरे ठरवून दिलेल्या कामांतला सहभाग: तीन किंवा जास्त असतील तर ‘चांगले’, एक-दोन असतील तर ‘समाधानकारक’. सहकार्याचा रकाना त्यात नाही. याच श्रेणी पुढे कॅसला (शिक्षकांच्या बढतीच्या योजनेला) लागतात, म्हणून त्यात स्थानिक भर घालणं धोक्याचं आहे. कुणी तक्रार केली तर तो रकाना टिकणार नाही.

खरी काळजी पहिल्या बाबीतल्या छेदाची, म्हणजे नेमून दिलेल्या तासिकांच्या आकड्याची घ्या. सहायक प्राध्यापकाचा भार १६ घड्याळी तास, म्हणजे तुमच्याकडे २० तासिका. १५ आठवड्यांत ३०० झाल्या, ८० टक्के म्हणजे २४०. पण सुट्ट्या सोमवारी पडल्या तर सोमवारी जास्त तास असलेल्या शिक्षकाचा टक्का त्याची काही चूक नसताना खाली येतो. म्हणून छेद टाइमटेबलवरून काढू नका, प्रत्यक्ष अध्यापनाचे वार मोजून काढा. प्रसूती रजा, बालसंगोपन रजा, वैद्यकीय रजा यांचा काळ मूल्यमापनातून वगळायचा, हेही विनियमांत लिहिलेलं आहे. ते विसरल्यामुळे बायकांचे अहवाल विनाकारण बिघडतात. अशा अहवालावर सही करण्याआधी रजेचे आदेश शेजारी ठेवा.

फीडबॅक घ्या, पण शिक्षकाला सुधारायला म्हणून घ्या. ६० जणांच्या वर्गात १२ जणांनीच फॉर्म भरला, अकरांनी ४ दिले आणि एकाने १, तर सरासरी ३.७५ येते. साठही जणांनी भरला असता तर तोच एक विद्यार्थी ३.९५ पर्यंतच आणू शकला असता. म्हणून सरासरीशेजारी भरणाऱ्यांची संख्या लिहाच. ७.३० चा तास आणि १० चा तास एका यादीत लावून नंबर काढू नका. फॉर्म वर्गातच, शिक्षक बाहेर असताना आणि अंतर्गत गुण लागण्याआधी भरून घ्या. प्रश्नही मुलांना माहीत असेल तेच विचारा: तास वेळेवर सुरू होतो का, तपासलेली उत्तरपत्रिका दाखवली का. ‘विषयाचं सखोल ज्ञान’ हे प्रथम वर्षाचा मुलगा कशावरून ठरवणार?

खाडीकाठ यांचं उत्तर:

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांत हाच वाद जुना आहे. अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या एएयूपी या संघटनेने १९९९ मध्ये निवेदन काढलं की सहकार्यशीलता हा मूल्यमापनाचा वेगळा निकष करू नये. २०१६ मध्ये ते सुधारून पुन्हा काढलं. कारण सरळ आहे. तो निकष वेगळा ठेवला की सभेत विरोधी मत मांडणारा ‘असहकार्य करणारा’ ठरतो. शिकवणं, संशोधन आणि सेवा नीट तपासली तर कामातला खरा अडथळा तिथेच दिसतो.

इथे कॅलिफोर्नियात मूल्यमापनाचं वेळापत्रक राज्याच्या कायद्यात ठरलेलं आहे: परिवीक्षेवरच्यांचं दरवर्षी, कायम झालेल्यांचं निदान तीन वर्षांतून एकदा, तात्पुरत्यांचं पहिल्या वर्षात आणि नंतर निदान सहा नियमित सत्रांतून एकदा. त्यात सहशिक्षकांनी केलेली पाहणी असावीच लागते. अर्धवेळ शिक्षकांना एका डिस्ट्रिक्टमध्ये (कॉलेजांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक संस्थेत) पूर्णवेळ भाराच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त काम देता येत नाही. त्यामुळे कित्येक जण दोन-तीन डिस्ट्रिक्टांत शिकवतात आणि एका जागी तास हलला की दुसरीकडचा कोसळतो. तुमच्या सीएचबीवाल्यांचंही असंच होत असणार, म्हणून त्यांचे वार आधी घेण्याचा सल्ला मला फार योग्य वाटतो.

सातचीबेल:

सगळ्यांचे मनापासून आभार. अडीच तासिकांचा हिशेब आमचाही चुकलेलाच होता. एक राहिलं: अ मॅडमनी ब सरांचा तास घेतला, तर टक्केवारीत तो कुणाचा धरायचा?

रकानेतपासा:

ज्यांनी शिकवलं त्यांचा, पण छेदात न धरता वेगळा. ब सरांचा तो तास बाकी राहतो, त्यांनी भरून काढला की त्यांच्या नावे चढतो. यासाठी अॅडजस्टमेंट रजिस्टर ठेवा: तारीख, वर्ग, तासिका, कुणाची, कुणी घेतली, कधी फेडली, दोघांच्या सह्या. सही त्याच दिवशी हवी. महिनाअखेरीस एकदम घेतलेल्या सह्यांवर हमखास वाद होतो.