नादानुसंधान: कानात उमटणारा नाद धरावा की सोडावा?

अनाहत (धागाकर्ता)
नादानुसंधान म्हणजे आत ऐकू येणाऱ्या नादावर मन लावून धरणं. पण ध्यानात काही ऐकू आलं, दिसलं की "तिकडे लक्ष देऊ नका" असं सरसकट सांगितलं जातं. मला ते पटत नाही. हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथाच्या चौथ्या उपदेशात (प्रकरणात) सव्वा कोटी लयप्रकारांत, म्हणजे मन विरून जाण्याच्या रीतींत, नादानुसंधानच मुख्य मानलंय, आणि ज्यांना तत्त्वबोध झेपत नाही त्यांनाही ते चालतं असं स्पष्ट म्हटलंय. खुणाही क्रमाने दिल्यात: आधी समुद्र, मेघ, भेरी (नगारा), मग मर्दल (मृदंगासारखं वाद्य), शंख, घंटा, शेवटी किंकिणी (घुंगरं), बासरी, वीणा, भुंगा.

कृती अशी. पहाटे, रिकाम्या पोटी. पाच मिनिटं अनुलोम-विलोम (आलटून पालटून एकेका नाकपुडीने श्वास), कुंभक न करता, म्हणजे श्वास न रोखता. मग अंगठ्याने कानाच्या भोकापुढचा मऊ उंचवटा हलकेच आत दाबायचा, बोट भोकात घालायचं नाही. तर्जनी पापण्यांवर नुसती टेकलेली. कोपरं हवेत राहिली तर थोड्याच वेळात खांदे भरून येतात आणि मन नाद सोडून खांद्यावर जातं, म्हणून कोपरांखाली आडवी फळी हवीच. सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. लक्ष उजव्या कानाकडे. मोठा आवाज चालू असतानाच त्याच्यामागचा बारीक शोधायचा. बारीक हरवला तर पुन्हा मोठ्यावर यायचं, पण तिसरीकडे जायचं नाही. सगळं कसब इथे आहे.

सातारकर
असहमत. कान दाबल्यावर पहिल्याच दिवशी ऐकू येणारी गडगड बहुतांशी हाताच्या स्नायूंची असते. हात जरा ताणा, ती वाढेल. आता बोटं काढून कानात मेणाचे बोळे घाला आणि हात मांडीवर सैल सोडा. गडगड जवळजवळ जाते. साधनेच्या वहीत "समुद्र" म्हणून नोंदलेला नाद बऱ्याचदा हाच. नाडीच्या ठोक्याबरोबर येणारी फसफस रक्तप्रवाहाची. भस्त्रिकेनंतर (भात्यासारख्या जोरकस श्वासांनंतर) ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात त्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटल्यामुळे, कुंडलिनी शक्ती जागी झाल्यामुळे नव्हे. डोळे दाबल्यावर दिसणारे रंगही दृष्टिपटलावरच्या दाबाचे. काचबिंदू असेल तर तर्जनीचा भाग गाळाच.

एकाच कानात सतत शिट्टी वाजत असेल, ऐकू कमी येत असेल किंवा चक्कर येत असेल, तर भ्रामरी (भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणं) वाढवू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि झोप तीन-चार तासांवर येऊनही थकवा नाही, विचार सुसाट, आवाज हुकूम देऊ लागलाय, असं झालं तर साधना थांबवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. इथे "गुरुकृपा आहे, चालू ठेव" म्हणणारी माणसं फार नुकसान करतात.

अनाहत
स्नायूंचा पडताळा मान्य. पहिला आठवडा बोळे घालूनच बसावं, म्हणजे हाताचा आवाज कुठला ते कळेल. पण धारणेला, म्हणजे मन एका जागी धरून ठेवायला, आधार लागतो, तो शरीरातून उठला म्हणून बाद होत नाही. श्वासही शरीराचाच! पतंजलींच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादातल्या (भागातल्या) 35व्या सूत्रावर व्यासभाष्य ही जुनी टीका काय म्हणते ते बघा. नासाग्रावर धारणा केली तर दिव्य गंध, जिव्हाग्रावर रस, टाळूवर रूप, जिभेच्या मध्यावर स्पर्श, जिभेच्या मुळाशी शब्द. कारणही दिलंय: शास्त्रातला एखादा तरी भाग स्वतः अनुभवल्याशिवाय बाकीच्यावर पक्की श्रद्धा बसत नाही. म्हणजे अनुभव मुद्दाम जोपासायलाच सांगितलाय.

निःशब्द
त्याच सूत्रात "मनसः स्थितिनिबन्धिनी" (मनाला स्थिर बांधणारी) हे शब्द आहेत, ते तुम्ही वगळलेत. मोल मनाच्या स्थैर्याला आहे, गंधाला नाही. तिसऱ्या पादात तर दिव्य श्रवणाचं नाव घेऊन लगेच पुढच्या सूत्रात या गोष्टींना समाधीतले उपसर्ग, म्हणजे अडथळे, म्हटलंय. विसुद्धिमग्ग या बौद्ध ग्रंथातही विपश्यना ध्यानाचे दहा उपक्लेश (मन गढूळ करणाऱ्या गोष्टी) सांगितलेत. पहिला ओभास, म्हणजे प्रकाश. शेवटचा निकन्ति, म्हणजे त्या सगळ्याची सूक्ष्म ओढ. प्रकाश, प्रीती, सुख हे स्वतःहून दोष नाहीत, "हेच ते, पोचलो" असं धरून बसणं घात करतं.

ओढ लागली हे ओळखता येतं. बसल्याबरोबर कालचा नाद शोधला जातो, कान टवकारताना श्वास नकळत रोखला जातो, जबडा आवळतो, आणि नाद न आलेली बैठक फुकट गेली असं वाटतं. यातलं काही दिसलं तर आठ-दहा दिवस कान मोकळे ठेवून नुसतं बसावं. शेवटी तुमची हठप्रदीपिकाही निःशब्दालाच परब्रह्म म्हणते.

इंद्रायणीकाठ
गोरक्ष, गहिनी, निवृत्ती ही नाथयोग्यांची परंपरा ज्ञानदेवांच्या घरचीच. कुंकवाने न्हालेल्या नागाच्या पिलासारखी कुंडलिनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात त्यांनी किती मायेने रंगवलीय! तरी बाराव्यात तेच या वाटेचे कष्ट सांगून भक्तीकडे वळवतात. कानाला काम द्यायचंच तर स्वतः पुटपुटलेलं नाम ऐकायला लावा. त्यात स्नायू की नाद, हा प्रश्नच उरत नाही.

अनाहत
नामाला विरोध नाहीच. पण निःशब्दापर्यंत जायला त्या ग्रंथाने पायऱ्या नादाच्याच बांधल्यात. पायरीवर पाय न ठेवता वर कसं जायचं?

निःशब्द
पाय ठेवा, बिऱ्हाड करू नका. वहीत "कोणता नाद आला" हा रकाना काढून टाका. "मन किती वेळा भरकटलं" एवढंच लिहा, तेही उठल्यावर पाच मिनिटांनी.

अनाहत
दुसरा रकाना घेतो. पण पहिला काढला, तर बारीक नादावरून मन पुन्हा जाडावर घसरू लागलंय हे महिन्याभराने कशावरून कळणार?